पिवळ्या छटेसंबंधी दुरुस्ती

पंधरा दिवस माझ्या पत्नीचा आजार माझ्या संगणकाच्या पडद्यावर उघडा मांडलेला होता, आणि ते पंधरा दिवस मी तो मोठ्या कौशल्याने पुसत बसलो होतो. आमच्या छायाचित्रकार संघाच्या मासिकात मी एका नव्या कॅमेऱ्याविषयी एक विधान केले होते. ते विधान चुकीचे होते. पुढच्या अंकात त्याची दुरुस्ती एका ओळीत छापली गेली आहे, परंतु त्या एका ओळीत काहीच मावले नाही. म्हणून हे लिहावयास बसलो आहे.

मी व्यवसायाने छायाचित्रकार आहे. माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले. त्यापुढील जे काही झाले ते रद्दीच्या दुकानातून वजनावर आणलेल्या पुस्तकांनी केले. यामुळेच असेल, व्यवसायातील मित्र मला चेष्टेने ‘मास्तर’ म्हणतात. नवे यंत्र बाजारात आले की त्याची परीक्षा घ्यावी आणि तिचा अहवाल संघाच्या मासिकात लिहावा, हे काम गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे. या कामाचा मला अभिमान होता, हे लपविण्यात अर्थ नाही.

या खेपेस विक्रेत्याने जो कॅमेरा एकवीस दिवसांसाठी दिला, तो मीडियम फॉरमॅट जातीचा होता. ज्यांना हा विषय परका आहे त्यांच्यासाठी इतकेच सांगतो, की प्रकाश टिपणारा त्याचा सेन्सर आमच्या नेहमीच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपेक्षा पावणेदोन पटीने मोठा असतो, आणि त्याच्या एका छायाचित्रात दहा कोटी ठिपके असतात. पापणीचा प्रत्येक केस वेगळा मोजता येतो. हे यंत्र व्यक्तिचित्रांसाठी आणि लग्नकार्यांसाठी आमच्यासारख्या लहान स्टुडिओवाल्यांनी घ्यावे की नाही, एवढा निर्णय मला द्यावयाचा होता.

माझ्या हाती आलेल्या प्रत्येक नव्या कॅमेऱ्यापुढे प्रथम माझी पत्नीच बसते. लग्नाला सव्वीस वर्षे झाली. तितकीच वर्षे ही रीत चालू आहे. तिचा रंग मला तोंडपाठ आहे, असे मी अभिमानाने सांगत असे. एखादा कॅमेरा तिला किंचित लाल करी, एखादा किंचित फिकी. त्यावरून मी त्या कॅमेऱ्याचा स्वभाव ओळखत असे. वजनकाट्याला जसे प्रमाणित वजन, तसा तिचा चेहरा मला होता.

स्टुडिओतील स्टुलावर बसता बसता तिने कॅमेऱ्याकडे नजर टाकली.

“ही नवी सवत बरीच जाडजूड दिसते.”

“हळू बोल. नाजूक असतात या.”

“असू देत. हिला दिसतं किती ते सांगा.”

“तुझ्या नाकावरचं छिद्रन्‌छिद्र.”

“मग बंद करा मेलीला! या वयात कोणाला हवंय इतकं दिसायला?”

मी हसलो आणि काम सुरू केले. खिडकीचा प्रकाश डावीकडून येत होता. मला जाणवले, की गेल्या वेळेपेक्षा तिच्या गालांची हाडे वर आली आहेत, आणि त्यामुळे प्रकाश गालावर फार सुंदर बसत आहे. “थोडी बारीक झालीस, चांगलंच झालं,” असे मी म्हणालो. ती म्हणाली, हल्ली जेवणच जात नाही. मी म्हणालो, हनुवटी जरा खाली घे.

ती सारखी तळहात खाजवीत होती.

“हात स्थिर ठेव ना.”

“खाज येते हो. नवा साबण मानवत नाही वाटतं.”

मी कॅमेरा किंचित वर केला आणि हात चौकटीबाहेर घालविले.

त्या सायंकाळी संगणकावर छायाचित्रे उघडली. सूक्ष्मता पाहून मी खरोखर थक्क झालो. भुवईखालची बारीक लव, ओठावरची भेग, बुबुळातील तंतू. एखाद्या परक्या प्रदेशाचा नकाशा उलगडावा तसे दिसत होते. परंतु रंग बरोबर नव्हता. तिच्या त्वचेवर पिवळसर झाक होती, आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागातही तीच झाक उतरली होती.

अशा वेळी आम्ही करड्या कार्डाचा आधार घेतो. हे कार्ड शुद्ध करड्या रंगाचे असते. ते चेहऱ्याशेजारी धरून छायाचित्र घ्यावयाचे. कार्ड करडेच दिसले तर रंग बरोबर, नाहीतर त्यानुसार बदल करावयाचा. दुसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा बसविले, कार्ड धरावयास दिले. कार्ड अगदी करडे आले. चेहरा मात्र पिवळाच राहिला.

येथे एखाद्या अडाणी माणसाने काय केले असते? त्याने कार्ड बाजूला टाकले असते आणि बायकोच्या तोंडाकडे पाहिले असते. मी अडाणी नव्हतो. मी वाचले होते, की कॅमेरे बनविणाऱ्या कंपन्या त्वचेच्या रंगांचे गणित उरलेल्या रंगांपासून निराळे बसवितात. तेव्हा मी निष्कर्ष काढला, की निर्जीव वस्तूंचे रंग हे यंत्र अचूक देते, पण गव्हाळ त्वचा पिवळी करते.

हा शोध मी सर्वांत आधी माझ्या मित्राला सांगितला. तो अल्बम छापण्याची लॅब चालवितो. त्याची बोटे बारा महिने रंगलेली असतात म्हणून सारे त्याला ‘शाई’ म्हणतात. त्याने माझी छायाचित्रे त्याच्या मोठ्या पडद्यावर लावली आणि खुर्ची मागे रेटून बराच वेळ पाहत राहिला.

“मास्तर, कार्ड तर बरोबर आहे.”

“तेच तर सांगतोय.”

“मागचा पडदाही पांढराफेक आहे.”

“अरे, तो निर्जीव.”

“म्हणजे तुझा कॅमेरा आधी विचारतो होय, जिवंत आहेस का म्हणून?” शाई हसला. मग डोळ्यांजवळचा भाग मोठा करीत म्हणाला, “वहिनींच्या डोळ्यांतला पांढरा पण पिवळा झालाय रे.”

“म्हणूनच म्हणतो, दोष कॅमेऱ्याचा. पांढऱ्यालासुद्धा पिवळं करतो!”

“तू माझा काढ बरं एक.”

मी त्याचा काढला. त्यात पिवळेपणा मुळीच आला नाही. मी म्हणालो, तुझा रंग सावळा आणि वर दाढी. त्यात झाक दिसणारच नाही. तो म्हणाला, “तुझ्याशी वाद घालायचा म्हणजे आधी पोटभर जेवून यायला पाहिजे.” मग छपाईचे यंत्र वाजू लागले, तो उठून गेला, आणि विषय तेथेच संपला.

‘विषय तेथेच संपला’ हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता. कारण घरी आलो तेव्हा ती दिव्याखाली बसून बटण लावीत होती आणि मी तिच्याकडे पाहिले होते. आमच्या घरातले दिवे पिवळे आहेत. त्या प्रकाशात सारेच पिवळे असते; भिंत, उशी, मी स्वतः. मी समाधानाने आत गेलो आणि संगणक उघडला.

त्यानंतरचे चार दिवस मी दुरुस्ती तयार करण्यात घालविले. पिवळा किती काढावा, त्याजागी निळा आणि तांबडा किती द्यावा, गालासाठी किती, कपाळासाठी किती, डोळ्यांच्या पांढऱ्यासाठी किती, याची मात्रा मी केसाकेसाने जुळवीत गेलो. त्यासाठी ती रोज माझ्यापुढे बसली. एकदा म्हणाली, “अहो, आज नको, अंग मोडून आलंय.” मी म्हणालो, दहाच मिनिटं. ती बसली. पाचव्या दिवशी पडद्यावर माझी पत्नी जशी मला तोंडपाठ होती तशी हुबेहूब दिसू लागली. मी त्या दुरुस्तीला ‘त्वचाशुद्धी’ असे नाव देऊन ती संगणकात जतन केली, आणि त्याच दिवशी अहवालाचा पहिला भाग मासिकाकडे धाडला. त्यातील वाक्य असे होते: ‘सदर यंत्र मानवी त्वचेस रोगट पिवळी छटा देते, तथापि अनुभवी छायाचित्रकार ती सहज दूर करू शकेल.’

रोगट हा शब्द माझाच. तो मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा ठेवला होता, कारण तो चपखल वाटला.

चौदाव्या दिवशी लग्न होते. यंत्र जड, दोन तासांत मनगट भरून आले. माणसे धावपळीत असली की त्याचा फोकस मागे पडतो, आणि एकापाठोपाठ दहा छायाचित्रे घेतली की क्षणभर अडून बसते. परंतु नवरी जेव्हा तयार होऊन खिडकीशी उभी राहिली आणि आईकडे पाहून तिचे डोळे भरले, तेव्हा त्या यंत्राने जे टिपले ते मी तीस वर्षांत टिपलेले नव्हते. पाणी पापणीवर येऊन थांबलेले, अजून न ओघळलेले. मी मनात म्हणालो, हे यंत्र घ्यावेच.

दुसऱ्या दिवशी मी निवडक साठ छायाचित्रांना एकगठ्ठा ‘त्वचाशुद्धी’ लावली आणि ती नवरीच्या घरी पाठविली. एकेक उघडून पाहिली नाहीत. माझ्या दुरुस्तीवर माझा तेवढा विश्वास होता. त्यापुढच्या सकाळी नवरीच्या वडिलांचा फोन आला.

“साहेब, आमच्या मुलीला थंडी भरली होती का हो लग्नात?”

“का? काय झालं?”

“ओठ जांभळे, गाल जांभळे. सगळा हॉलच जांभळा. तिची आत्या सकाळपासून डोकं खातेय, पोरीला हृदयाचा काही त्रास आहे का म्हणून. फोटो बघून माणसं औषधं सुचवायला लागली!”

मी क्षमा मागितली आणि तडक शाईकडे गेलो. त्याने छायाचित्र पडद्यावर घेतले आणि तो खदखदून हसला. “मास्तर, नवरी आहे की वांगं?” मग त्याने एक कळ दाबून माझी दुरुस्ती काढून टाकली.

नवरी जशी होती तशी समोर आली. गाल गुलाबी, डोळे पांढरे शुभ्र, त्यांत ते पाणी. रंगात तसूभर चूक नव्हती. तिची त्वचा गव्हाळच होती, माझ्या पत्नीसारखी.

शाई अजून हसतच होता. “बघ, काही दोष नाही बिचाऱ्यात. उगीच तू त्याला...” एवढे बोलून तो थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. काही न विचारता त्याने माझ्या पत्नीचे मूळ छायाचित्र, दुरुस्ती न केलेले, नवरीच्या शेजारी लावले. एकच कॅमेरा, दोन्हीकडे खिडकीचाच उजेड. दोघी शेजारी शेजारी आमच्याकडे पाहत होत्या.

नंतर तो तारखेप्रमाणे पुढची छायाचित्रे उघडीत गेला. पहिल्या दिवसाचे, तिसऱ्या, पाचव्या. पिवळा दर दिवशी थोडा गडद होत गेलेला होता. मी जो रोज थोडी मात्रा वाढवीत होतो, ती माझी सूक्ष्म दृष्टी नव्हती. मी तिच्या आजाराच्या मागोमाग चालत होतो.

“मास्तर,” शाई म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चेष्टा उरली नव्हती, “तू घरी जा. आत्ता जा.”

ती ओट्याजवळ कपड्यांच्या घड्या करीत होती. मी तिला हाताला धरून खिडकीशी नेले.

“आता कशाला? पुन्हा सवतीपुढे बसायचंय का?”

मी अंगठ्याने तिच्या डोळ्याखालची कड ओढून पाहिली. मधल्या काळात मी तो डोळा चारशे टक्के मोठा करून पाहिला होता. आता तो त्याच्या मापाचा होता आणि पिवळाधमक होता.

“लघवी कशी होते?” मी विचारले.

“हे काय भलतंच?”

“सांग ना.”

“गडद होते. कोऱ्या चहासारखी. बरेच दिवस झाले.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

ती रागावली नव्हती. “अहो, तुम्ही रोज माझं तोंड एवढं मोठं करून बघत होता. मला वाटलं, काही असतं तर तुम्हालाच आधी दिसलं असतं.”

मी तिला चप्पल घालावयास सांगितले आणि तसाच डॉक्टरांकडे घेऊन निघालो.

डॉक्टरांनी तिला दारातून आत येताना पाहिले आणि खुर्चीवर बसण्याआधीच रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी लिहावयास घेतली. त्यांना कार्ड लागले नाही. पुढच्या आठवड्यात तपासण्यांमागून तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ आहे, तिने पित्ताची वाट दाबून धरली आहे, आणि यकृतावरही तिचे ठिपके दिसत आहेत, असे निदान निघाले. शस्त्रक्रियेने गाठ काढण्याची वेळ आता राहिली नाही, असे डॉक्टर म्हणाले. ‘आता’ हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल. मी तो धरून बसलो.

ती बाहेर बाकावर असताना मी पुन्हा आत गेलो. त्यांना सारे सांगितले. कॅमेरा, कार्ड, दुरुस्ती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“मी तिला पंधरा दिवस आधी आणलं असतं तर?”

“पंधरा दिवसांत ठिपके उमटत नाहीत हो. ते आधीचे असणार.”

“म्हणजे फरक पडला नसता?”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पडला असता असं मी म्हणणार नाही. पडलाच नसता असं लिहूनही देणार नाही. हा हिशेब कोणालाच मांडता येत नाही. तुम्ही मांडू नका.”

परंतु मी दुसरे काय करतो? सकाळी उठल्यापासून तोच मांडतो. बारीक झालीस, चांगलंच झालं, असे मी म्हणालो ती सकाळ. अंग मोडून आलंय, असे ती म्हणाली ती सकाळ. हात चौकटीबाहेर घालविले ती सकाळ. प्रत्येक छायाचित्रावर तारीख आणि वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली आहे. माणसाला आपला अपराध इतक्या अचूकपणे पाहावयास मिळू नये.

कॅमेरा मी मुदतीत परत केला. तोपर्यंत मासिकाचा अंक छापून गेला होता. मी संपादकांना फोन करून सांगितले, की पुढच्या अंकात दुरुस्ती हवी: ‘पिवळी छटा सदर यंत्राची नव्हती.’

“छापतो की,” संपादक म्हणाले. “पण मास्तर, यंत्राची नव्हती तर मग कोणाची होती?”

मी फोन ठेवून दिला. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी पुन्हा विचारले नाही.

पित्ताची वाट मोकळी व्हावी म्हणून डॉक्टरांनी तिच्या पोटात एक बारीक नळी बसविली. याने गाठ बरी होत नाही, हे त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितले. खाज थांबेल, भूक थोडी लागेल, रंग निवळेल, एवढेच. तिने शांतपणे विचारले, “किती दिवस?” डॉक्टरांनी महिन्यांत उत्तर दिले, आणि ते महिने एका हाताच्या बोटांवर मावणारे होते. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, “धाकटीला एवढ्यात काही कळवू नका. तिच्या पोराची परीक्षा आहे.” धाकटी म्हणजे तिची बहीण, माझी मेहुणी.

डॉक्टर म्हणाले तसेच झाले. पिवळा आधी डोळ्यांतून उतरला, मग कपाळावरून, मग हातांवरून. तीन आठवड्यांत तिची कांती पूर्वीसारखी झाली. माझ्या त्या चार दिवसांच्या खटपटीने पडद्यावर जे साधले होते, ते त्या नळीने प्रत्यक्षात साधले. गाल, कपाळ, डोळे, सारे हुबेहूब. आणि आत जे आहे ते तसेच आहे, वाढते आहे.

काल मेहुणी भेटावयास आली. दारातच तिने ताईचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

“अगं ताई, मला कोणी काय काय सांगितलं! मी तर घाबरूनच आले. किती छान दिसतेस! रंग कसा फुललाय बघ.”

“कावीळ होती. उतरली,” पत्नी म्हणाली.

“आणि भावोजी, तुम्हीच कसे वाळलात? आजारी कोण होतं नक्की?”

“त्यांनाच लागली होती बहुतेक,” पत्नी म्हणाली, “सगळं जग पिवळं दिसत होतं त्यांना.” दोघी बहिणी हसल्या. मेहुणी तर डोळे पुसेपर्यंत हसली. मीही हसलो.

दुपारभर त्या बोलत बसल्या. मेहुणी निघाली तेव्हा मी तिला कोपऱ्यापर्यंत सोडावयास गेलो. वाटेत तिने दोनदा म्हटले, “देव पावला हो, भावोजी.” मी दोन्ही वेळा मान हलविली.

परत आलो तेव्हा ती दोघांचा चहा ओतून बसली होती. मी समोर बसलो आणि तिच्याकडे पाहू लागलो. ओठ, गाल, मग डोळ्यांचा पांढरा भाग; तो अगदी स्वच्छ होता. माझी तीस वर्षांची नजर त्यावरून फिरली आणि त्या नजरेला तेथे काही सापडले नाही.

“काय बघताय एवढं?”

“काही नाही.”

“काही दिसतंय का?”

“नाही.”

“मग चहा घ्या,” ती म्हणाली. “गार होतोय.”